भास थांबले, तरी भाऊ दिवसभर नुसता बसून का असतो?

हा आळस नव्हे. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात भास-संशय लगेच नजरेत भरतात; पण इच्छाशक्ती आटणं, बोलणं तुटक होणं, चेहरा निर्विकार राहणं, माणसांत मिसळावंसं न वाटणं ही ‘नकारात्मक लक्षणं’, म्हणजे एरवी असणारं काहीतरी कमी होणं. नोकरी, शिक्षण, घरकाम यांचा खरा बोजवारा बहुतेकदा हीच उडवतात. टॉवेल खांद्यावर टाकून माणूस अर्धा तास बाथरूमच्या दाराशी उभा असतो. आंघोळ कशी करायची ते माहीत असतं, सुरुवातच होत नाही. गंमत म्हणजे समोर आलेल्या गोष्टीचा आनंद अनेकांना बऱ्यापैकी घेता येतो. पुढे मजा येईल ही कल्पनाच मनात उमटत नाही, म्हणून उठणं होत नाही.

औषधं भासांवर जितकी चालतात तितकी इथे चालत नाहीत. मात्र नैराश्य, औषधाची गुंगी किंवा त्यामुळे आलेला ताठरपणाही हुबेहूब असाच दिसतो, आणि त्यावर उपाय असतो. डॉक्टरांना हे मुद्दाम विचारा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. घरी ‘काहीतरी कर’ म्हणण्यापेक्षा ‘चल, दोघं मिळून कपड्यांच्या घड्या घालू’ म्हणा. टोमणे तर नकोच, सततच्या टीकेने आजार उलटायची शक्यता वाढते.