आईसाठी रोबो घेऊन ठेवायचा आणि निघायचं?

दादा, तुमचा प्रश्न वाचला. आईला स्मृतिभ्रंश, तुम्ही गोव्यातल्या साखळीहून लिस्बनला निघालात, मागे वहिनी एकट्या, तर आईच्या सोबतीला कुठला रोबो घ्यावा? मी इंग्लंडात स्विंडनला वृद्धाश्रमात काम करते आणि माझी आईही डिचोलीला याच आजारात आहे. त्यामुळे जरा लांबण लागेल.

पोर्तुगीज पासपोर्टाचं सगळं सरकारी साइटवर आहे. मी एवढंच सांगेन, आईची सही लागणारे कागद आधी उरका. आमच्या वडलांचं आडनाव जन्माच्या तेओरवर, म्हणजे जुन्या पोर्तुगीज नोंदीच्या उताऱ्यावर, पोर्तुगीज थाटाचं, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, लग्नाच्या नोंदीत तिसरंच. ते जुळवायला नोटरीकडे हेलपाटे घालेपर्यंत आई पेन हातात धरून नुसती बघत राहायला लागली होती. सही कशाची ते कळतंय तोवरच मुखत्यारपत्राला अर्थ.

परदेशात एकटेपणा येतो. इथे गोंयकार ढिगाने आहेत, चतुर्थीला आरत्याही होतात. आता रोबोंकडे वळते.

रोबोंत नावाजलेला पारो. जपानी, पांढऱ्या केसाळ सीलचं पिल्लू, वजन 2.7 किलो. हात फिरवला की डोळे मिटतं, हाकेला मान वळवतं. सीलच का, तर कुत्र्यामांजराचं खोटं चटकन कळतं, सील कुणी पाळलाय? अमेरिकेत 2009 मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. किंमत सुमारे 6,000 डॉलर. पण 2017 साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला, 28 केंद्रं, 415 वृद्ध. काहींना चालू पारो दिला, काहींना बंद केलेला, बाकीच्यांना नेहमीचीच सेवा. चालू पारोकडे लोकांनी जास्त पाहिलं, त्याच्याशी जास्त बोलले. बाकी बाबतींत तो बंद पारोपेक्षा सरस ठरला नाही. तेव्हा आधी म्हापशाच्या बाजारातून एखादं मऊ खेळणं आणून आईच्या मांडीवर देऊन बघा.

बोलणारे रोबो मात्र नकोच. एलीक्यू चांगला आहे म्हणतात, पण तो इंग्रजीत गप्पा मारणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. आणि कंपनीचा काय भरवसा? जिबो नावाचा एक होता, 2019 मध्ये त्याचे सर्व्हर बंद करायचं ठरलं आणि त्याने स्वतःच मालकांचा निरोप घेतला. आपल्या आईला हे कोण समजावणार?

आईचा स्वभावही बघा, लहान पोरासारखं वागवलेलं तिला चालेल का. आमचा मुलगा गोव्यातल्या मराठी शाळेत भागाकार शिकून आलेला. इथे इंग्रजी येत नाही म्हणून बाईंनी त्याला हातात खडू देऊन सफरचंदं रंगवायला बसवलं. तो आता कॉलेजात आहे, मी अजून त्या बाईंना मनातल्या मनात सुनावते. आश्रमात कुणाच्या मांडीवर न विचारता बॅटरीवरचं मांजर ठेवलेलं दिसलं की मला तो खडू आठवतो. काही आजी त्याला पदराखाली घ्यावं तसं शालीत घेतात. काहीजण ते उलटं करून सेल कुठे घालतात ते शोधतात आणि आपल्याकडे असं बघतात की आपणच मान खाली घालावी.

आईसाठी मीही तसलंच मांजर पाठवलं. गुरगुरतं, कुशीवर वळतं. वायफाय नाही, कॅमेरा नाही, पावसात इंटरनेट गेलं तरी चालतं. आई त्याच्याशी तासन्‌तास बोलते. व्हिडिओ कॉलवर मी दिसले की भावजयीला विचारते, "ही कोण?" मला त्या मांजराचा हेवा वाटतो. लिहून टाकलं.

भावजय म्हणाली, "मांजर बरंय, पण आईंना न्हाऊ मी घालते ना?" त्यावर मी काय बोलणार? दिवसभर इथे दुसऱ्यांच्या आयांना न्हाऊ घालून मी पैसे मिळवते. गोव्यातच एक प्रयोग झाला होता, 2008 मध्ये छापून आला. स्थानिक माणसांना ट्रेनिंग देऊन स्मृतिभ्रंशाच्या 81 कुटुंबांपैकी साधारण निम्म्यांकडे पाठवलं, तर तिथल्या सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण हलका झाला. पारोच्या पैशात दुपारच्या चार तासांना बाई किती महिने येईल, याचा हिशोब वहिनींबरोबर बसून करा. त्यांना न विचारता काही मागवू नका.

मांजरच घेतलंत तर सी साइजचे चार सेल लागतात, ते वेगळे आणून ठेवा. पोटाखालच्या बटणाला चालू, आवाज बंद आणि पूर्ण बंद अशा तीन जागा आहेत, त्या वहिनींना दाखवून ठेवा. नाहीतर आई कुशीवर वळली की मध्यरात्री ते म्याऊ करतं आणि सगळं घर उठतं.