ग्लुकोज फोडायला आधी खर्च कशाला?

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. ग्लायकोलायसिसमधून (पेशीत ग्लुकोज फोडण्याच्या दहा पायऱ्यांतून) ऊर्जा मिळते, तर सुरुवातीलाच दोन एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च का दाखवतात? मिळकतही कुठे ४ लिहिलीय, कुठे २. (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर आहेत. चार मिळतात, दोन आधी घातलेले असतात, निव्वळ हाती दोन.

पहिला एटीपी पहिल्याच पायरीवर जातो. ग्लुकोजला फॉस्फेट चिकटलं की त्यावर विद्युतभार येतो आणि ते पेशीतून परत बाहेर पडू शकत नाही. दुसरा तिसऱ्या पायरीवर. आता दोन्ही टोकांना एकेक फॉस्फेट असतं, त्यामुळे साखर तुटल्यावर दोन्ही तुकड्यांच्या वाट्याला एकेक येतं. इथून पुढचा हिशोब दोनदा मांडायचा. मुलं एकाच तुकड्याचं गणित करून थांबतात आणि नफा शून्य काढतात.

सहावी पायरी मात्र तिला सावकाश समजावा, नफा तिथे आहे. प्रत्येक तुकडा पेशीद्रवातलं सुटं फॉस्फेट उचलतो, तेही एटीपी न मोडता. त्यासाठीची ऊर्जा तुकड्याच्याच ऑक्सिडीकरणातून येते. निघालेले इलेक्ट्रॉन एनएडी हा वाहक रेणू घेतो. म्हणजे चार फॉस्फेटांतली दोन मुद्दल, दोन कमाई. सातव्या आणि दहाव्या पायरीवर ती एडीपीला मिळतात आणि त्याचा एटीपी होतो.

एनएडी ते इलेक्ट्रॉन देऊन मोकळा झाला नाही तर सहावी पायरी अडते. म्हणूनच ऑक्सिजन अपुरा पडला की स्नायू पायरुवेटचं (दहाव्या पायरीनंतर उरलेल्या तुकड्याचं) लॅक्टेट करतात. त्यात एटीपी एकही मिळत नाही, पण एनएडी सुटतो.

प्रश्न : घोडबंदर रोडला घरी येऊन रक्त नेतात. साखरेसाठी राखाडी टोपणाची नळी वेगळी का? ट्रॅफिकमध्ये अडकली तर आकडा चुकेल का?

उत्तर : लाल पेशींत तंतुकणिका (ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढणारे पेशीतले भाग) नसतात; त्या केवळ ग्लायकोलायसिसवर जगतात, नळीतसुद्धा. साध्या नळीत साखर ताशी ५ ते ७ टक्के उतरते. राखाडी नळीतलं सोडियम फ्लोराइड नववी पायरी बंद पाडतं. दहाव्या पायरीचे दोन एटीपी येणं थांबतं, एटीपीची शिल्लक आटत जाते, मग पहिली पायरीही थंडावते. याला एक-दोन तास लागतात, तेवढ्यात थोडी घट होतेच. त्यानंतर आकडा टिकतो. नळी बर्फात नेली तर आणखी बरं. रक्त भरल्यावर नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करतात का, तेवढं पाहा. पूड तळाशीच राहिली तर फ्लोराइडचा उपयोग नाही.