रेस चालू असताना स्टीअरिंग डिसकनेक्ट होतंय? तिसरा प्रो मायक्रो बोर्ड मागवायच्या आधी हे वाच

मित्रा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेमसाठी घरी बनवलेलं एफ-वन स्टाइल व्हील, 12 बटणं, 3 एन्कोडर (गोल फिरवायचे नॉब), वर 15 एलईडीची रांग, आत प्रो मायक्रो (बटणं वाचून यूएसबीने पीसीला कळवणारा छोटा बोर्ड), खाली डायरेक्ट ड्राइव्ह बेस (व्हील थेट ज्याच्या मोटरच्या शाफ्टवर बसतं तो), आणि रेसमध्ये दोनतीनदा विंडोजचा तो टुंग आवाज येऊन बटणं आणि गिअरचे पॅडल मरतात, मग केबल काढून लावली की परत चालू. सगळ्यांनी तुला बोर्ड बदल म्हणून सांगितलंय आणि तू तिसरा मागवतोयस. दोन वर्षांपूर्वी मी शब्दशः इथेच होतो, बटणांची संख्यासुद्धा जवळपास तीच. म्हणून लांबलचक लिहितोय, वेळ काढून वाच.

मॅट्रिक्स, डायोड, जॉयस्टिक लायब्ररी, म्हणजे बटणांची जोडणी आणि कोड, यात मी जात नाही, व्हील मेनूमध्ये नीट चालतंय म्हणजे ते तुला जमलेलंच आहे. तुझ्या पोस्टमध्ये एकच गोष्ट लिहिलेली नाहीये आणि माझ्या मते सगळं तिथेच अडलंय: ते नेमकं केव्हा तुटतं? "अधूनमधून" असं लिहिलंयस. मीपण सहा महिने अधूनमधूनच म्हणत होतो. एक वही घे, रिप्ले बघ, आणि प्रत्येक वेळी गाडी कुठे होती ते लिही. गिअर वर टाकताना, एलईडी सगळे एकदम चमकले तेव्हा तुटत असेल तर करंटचा प्रॉब्लेम. हेअरपिनला, म्हणजे अगदी तीव्र वळणावर, व्हील पूर्ण वळवल्यावर तुटत असेल तर वायर किंवा कनेक्टर. कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) चाक चढून बेस जोरात हिसका देतो तेव्हा तुटत असेल तर मोटरचा नॉइज (विजेचा गोंगाट) यूएसबीत शिरतोय. आणि गाडी पिटमध्ये नुसती उभी असतानाही तुटत असेल तरच सोल्डरिंग, पोर्ट किंवा बोर्डावर संशय घे.

माझ्याकडे यातल्या दोन गोष्टी एकाच वेळी होत्या, आणि तिथेच मी फसलो. पहिली सापडली ती एलईडीची. डब्ल्यूएस 2812 चा एक एलईडी पूर्ण पांढरा असताना साधारण 60 मिलिअँप खातो, 15 चे झाले 900. यूएसबी 2.0 पोर्टकडून हक्काने मिळतात 500, आणि प्रो मायक्रोवरचा फ्यूजसुद्धा तेवढ्याचाच असतो. रेव्ह लिमिटला (इंजिन कमाल वेगाला पोचलं की) सगळी रांग फ्लॅश झाली की व्होल्टेज खाली बसायचं आणि बोर्ड रिसेट. सिमहब या एलईडी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ब्राइटनेस 30 टक्क्यांवर आणला आणि रेसला सहासात वेळा तुटणारं व्हील दोन वेळा तुटायला लागलं. झालं, माझी खात्री पटली की चूक माझ्या हातच्या कामात आहे आणि थोडीशीच उरलीय, अजून एखादा सांधा कच्चा असेल. ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. उरलेले दोन डिसकनेक्ट वेगळ्याच कारणाने होते आणि मी ते व्हीलच्या आतच शोधत बसलो. तीन वेळा पूर्ण व्हील उघडलं, सगळं डिसोल्डर करून परत केलं, तीन प्रो मायक्रो, चार केबली, तिसऱ्या वेळी दोन एन्कोडरचे पाय तुटले आणि फ्रंट प्लेटवर स्क्रू-ड्रायव्हर घसरून असा ओरखडा गेला की प्लेट नवीन करावी लागली. आणि या सगळ्या काळात एक साधी टेस्ट मी केली नाही.

ती टेस्ट तू आज रात्री कर. गेममध्ये फोर्स फीडबॅकचा गेन (मोटर हाताला देते त्या हिसक्यांचा जोर) शून्य कर आणि त्याच ट्रॅकवर दहा लॅप मार, मुद्दाम प्रत्येक कर्बवर चढ. मी मोन्झाचा ट्रॅक घेतला होता कारण तिथल्या पहिल्या शिकेनचा (लागोपाठच्या उलटसुलट वळणांचा) कर्ब मला हमखास नडायचा. गेन शून्यावर एकदाही तुटलं नाही. परत पूर्ण गेन, दुसऱ्याच लॅपला तुटलं. कोड तोच, बोर्ड तोच, सोल्डरिंग तेच. फोर्स फीडबॅकशिवाय चालणारं व्हील खराब कसं असेल? दुसरी टेस्ट, मित्राचा लॅपटॉप मिळाला तर तो चार्जर न लावता बॅटरीवर चालव आणि बेस नेहमीसारखा भिंतीच्या सॉकेटवर ठेव. बॅटरीवर असताना प्रॉब्लेम गेला तर तुझा शत्रू घराच्या वायरिंगमध्ये बसलेला असू शकतो.

माझा तिथेच होता. आमची बिल्डिंग ऐंशीच्या दशकातली, सॉकेट सगळे थ्री-पिन, दिसायला उत्तम. मल्टिमीटर लावला तर फेज-न्यूट्रल 230 व्होल्टच्या आसपास, आणि फेज ते अर्थ, जे खरं तर तेवढंच यायला हवं, ते 110-120 च्या मध्ये नाचतंय. म्हणजे अर्थच्या भोकामागे काही जोडलेलंच नाही, पीसीच्या एसएमपीएसमधला (पॉवर सप्लायमधला) फिल्टर ती लाइन अधांतरी अर्ध्या व्होल्टेजला धरून ठेवतोय. अनवाणी पायाने व्हीलच्या प्लेटला हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या ते मी थंडीतला स्टॅटिक समजत होतो! बेसच्या मोटरचा ड्राइव्हर सेकंदाला हजारो वेळा स्विच होत असतो, तो सगळा नॉइज मोटरच्या बॉडीतून अर्थला जायला हवा, आणि त्याला अर्थच नाही म्हणून तो शाफ्टमधून व्हीलमध्ये, तिथून माझ्या यूएसबी केबलवरून पीसीत जात होता. कर्बवर मोटर जास्त करंट घेते म्हणून तिथेच तुटायचं.

*(मी इलेक्ट्रिशियन नाही. हे सगळं माझ्या घरापुरतं आणि माझ्या बेसपुरतं आहे. सॉकेटमध्ये प्रोब घालायची सवय नसेल तर स्वतः मोजू नको, लायसन्सवाल्या वायरमनला बोलाव.)*

आता ज्या भागाचा मला आजही राग येतो तो. फ्लॅटच्या आतली वायर ओढून घेणं माझ्या हातात होतं, पण बिल्डिंगचा अर्थ येतो मीटर रूममधून, आणि मीटर रूमची किल्ली सोसायटीच्या ऑफिसात. मी अर्ज दिला. पुढच्या मीटिंगला बघू. मीटिंग झाली, विषय निघाला नाही. परत गेलो तर "इतक्या वर्षांत कोणाला त्रास झाला नाही, तुम्हालाच कसा होतो?" मग तीन कॉन्ट्रॅक्टरची कोटेशन आणा म्हणाले, आणली. मग म्हणाले पार्किंगची फरशी फोडावी लागेल, त्याला सगळ्यांची संमती पाहिजे. अरे पण फरशी फोडायची की नाही हे कळायला आधी मीटर रूम उघडून बघू तर द्या! मी नुसतं बघू द्या म्हणत होतो, आणि मला ऐकवलं की कॉम्प्युटरवर गाडी चालवण्यासाठी सोसायटीचा पैसा खर्च करायचा का. मी त्यांना गीझर सांगितला, वॉशिंग मशीन सांगितलं, आमच्या खालच्या मजल्यावर लहान मुलं आहेत ते सांगितलं. अर्थिंग नसलेल्या बिल्डिंगमध्ये ओल्या हाताने गीझरचा नळ धरणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे हा, माझ्या व्हीलचा नाही, आणि हे कळायला कोणाला काहीतरी होण्याची वाट बघायची का?

पाच महिने गेले. शेवटी पावसाळ्यात दुसऱ्याच कोणाच्या मीटरसाठी वायरमन आला तेव्हा मीटर रूम उघडी मिळाली, त्याला हात जोडून बघायला लावलं. अर्थिंगचा खड्डा जागेवर होता. त्यातून वर येणारी पट्टी गंजून तुटलेली होती, बस. पट्टी बदलली, खड्ड्यात मीठ-कोळसा-पाणी घातलं, डक्टमधून हिरवी वायर माझ्या डीबीपर्यंत (फ्लॅटमधल्या स्विचच्या मुख्य बोर्डापर्यंत) आणली, अर्ध्या दिवसाचं काम. एक फरशी हलली नाही. पाच महिने ज्या किल्लीसाठी मी चकरा मारल्या ती ऑफिसच्या खिळ्यावर लटकलेली असायची, मला समोर दिसायची.

असो. त्यानंतर मोटरचा नॉइज बराच गेला, पूर्ण नाही. उरलेला खालच्या गोष्टींनी गेला. रिग (सीट आणि बेस बसवायचा सांगाडा) अॅल्युमिनिअम प्रोफाइलची असेल तर लक्षात ठेव की त्यावरचा अॅनोडायझिंगचा थर करंट वाहू देत नाही, नुसता बोल्ट घट्ट केला म्हणून अर्थ जोडला जात नाही. जिथे अर्थची वायर लावायची तिथला थर खरवडून, दातेरी वॉशर घालून लाव आणि मीटरने कंटिन्युइटी बघ. व्हीलची यूएसबी केबल मोटरच्या पॉवर केबलबरोबर एकाच टायमध्ये बांधू नको, मी सुंदर दिसावं म्हणून बांधली होती. शिल्ड (आतल्या तारांभोवती धातूचं आवरण) असलेली केबल घे, दोन्ही टोकांना नॉइज अडवणारे क्लिपवाले फेराइट लाव. क्विक रिलीजसाठी (व्हील झटकन काढता यावं म्हणून) जीएक्स12 कनेक्टर वापरत असशील तर पाच पिनचा घे, चारातून यूएसबी आणि पाचव्यातून शिल्ड, चार पिनच्यात शिल्ड तिथेच तुटतं.

यूएसबी आयसोलेटर (पीसी आणि व्हीलमधला विजेचा थेट संबंध तोडणारा बोर्ड) सुचवतील लोक, एडीयूएम 4160 चिपवाला. चांगली वस्तू आहे, प्रो मायक्रोला त्याचा स्पीड पुरतो, पण त्या छोट्या बोर्डावर बहुतेक वेळा 1 वॉटचा डीसी कन्व्हर्टर असतो, म्हणजे पलीकडे जेमतेम 200 मिलिअँप. तुझे 15 एलईडी त्यावर चालणार नाहीत, वेगळा सप्लाय द्यावा लागेल. आणि माझं स्पष्ट मत, अर्थिंग नीट न करता आयसोलेटर लावणं म्हणजे ताप उतरवून आजार तसाच ठेवणं.

एक जण नक्की सांगेल की ग्राउंड लूप आहे (अर्थ दोन वाटांनी जोडला जाऊन वेटोळं झालंय), प्लगची अर्थ पिन काढ किंवा टू-पिन अडॅप्टर लाव, लगेच थांबेल. हे करू नको. कधी कधी खरंच थांबतं, म्हणूनच लोक सांगतात. पण त्या प्लेटला तू तासन् तास दोन्ही हातांनी धरून बसणार आहेस, बेसच्या सप्लायमध्ये काही फुटलं तर करंट जाईल तुझ्यातून. तसंच न्यूट्रल-अर्थ रीडिंग अगदी शून्य आलं आणि बाजूच्या सॉकेटवर इस्त्री चालू केली तरी हललं नाही, तर खूश होऊ नको. आधीच्या कोणी सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून उडी मारून अर्थला जोडलेलं असू शकतं. ते अर्थ नसण्यापेक्षा वाईट. वायरमन आलाच आहे तर 30 मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का तेही बघून घे.

तुझ्या फोटोवरून दोन गोष्टी दिसल्या त्या सांगतो, तू विचारलं नसलंस तरी. तुझी फ्रंट प्लेट खऱ्या कार्बन फायबरची दिसतेय. कार्बन फायबर वीज वाहून नेतं, बरेच जण ते प्लॅस्टिकसारखं समजतात. बटणांच्या मागचे सोल्डरचे टोक प्लेटला किंवा ड्रिल केलेल्या कडेला टेकले तर मॅट्रिक्समध्ये भुतं दिसतील, म्हणजे न दाबलेली बटणं दाबल्यासारखी येतील. मागून कॅप्टॉन टेप (वीज न वाहणारी, उष्णता सोसणारी टेप) लाव आणि स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर. आणि पुढच्या वेळी भोकं पाडताना मास्क घालच, ती धूळ फुफ्फुसात जाणं बरं नाही. लेझरवाल्याकडे कार्बन घेऊन जाऊ नको, सीएनसीवाल्याकडे जा. अॅल्युमिनिअम 3 मिमी मात्र भोसरीत फायबर लेझरवर मस्त कापून मिळतं, डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) देण्याआधी 100 टक्के स्केलला कागदावर प्रिंट काढून हबवर ठेवून बघायचं. बोल्टचा मोमो-स्पार्को पॅटर्न 70 मिमी पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास), नार्डीचा 74, दोन्हीला सहा बोल्ट, नुसत्या डोळ्याला फरक कळत नाही.

दुसरं, आतल्या वायरी तू सिंगल कोर वापरल्यात. बदल. रोज हलणाऱ्या वस्तूत सिंगल कोर सोल्डरच्या मुळाशी तुटते आणि तुटली तरी इन्सुलेशन धरून ठेवतं, मग कधी लागते कधी नाही. मऊ सिलिकॉनची मल्टीस्ट्रँड घे, 26 किंवा 28 गेज, पुण्यात असशील तर तपकीर गल्लीत मीटरवर मिळते. ग्रिपचं कामसुद्धा मी घरी तीनदा बिघडवून मग नाना पेठेत सीट कव्हर शिवणाऱ्याकडे दिलं, त्याने तासाभरात इतकं घट्ट शिवून दिलं की आजही शिवण हललेली नाही. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लॅस्टिकमध्ये ग्रिप छापल्या असतील तर व्हील उन्हात बंद गाडीत ठेवू नको, 60 डिग्रीच्या आसपास ते मऊ पडतं. त्यापेक्षा पीईटीजी प्लॅस्टिक बरं.

एलईडी मात्र काढून टाकू नको. ब्राइटनेस कमी कर पण ठेव. 4.3 इंची स्क्रीन आणि वर 15 दिव्यांची रांग, 2014 पासून बऱ्याच टीमच्या खऱ्या व्हीलवर हेच होतं, आणि अंधारात ती रांग भरत जाताना बघून गिअर टाकण्यात जी मजा आहे ती सांगून कळत नाही. मी घाबरून चार महिने ते दिवे बंद ठेवले होते त्याचं वाईट वाटतं.

तर क्रम असा: आधी ब्राइटनेस 30 वर, मग गेन शून्य करून दहा लॅप, मग पूर्ण गेनवर दहा, मग वायरमनकडून सॉकेटची तिन्ही रीडिंग (फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ). व्हील उघडू नको तोपर्यंत. तिसऱ्या प्रो मायक्रोची ऑर्डर अजून निघाली नसेल तर कॅन्सल कर, त्या पैशात शिल्डची केबल आणि चार फेराइट येतील. रीडिंग आणि दोन्ही वेळचे डिसकनेक्टचे आकडे इथेच टाक, बेस कुठला आणि पीसीचा प्लग एक्स्टेन्शन बोर्डवर आहे का भिंतीवर तेही लिही. शनिवारी दुपारी मी मोकळा आहे, वायरिंगचे फोटो टाकलेस तर एकेक बघून सांगतो.