वाचकांचे प्रश्न : मॅगझिनमधून गॅस गळतो

प्रश्न : माझे गॅस ब्लोबॅक एअरसॉफ्ट पिस्तूल (गॅसच्या दाबावर प्लास्टिकच्या गोळ्या मारणारे खेळातले पिस्तूल) पावसाळाभर पेटीतच होते. आता मॅगझिनमध्ये भरलेला गॅस रात्रभरात निघून जातो. मूळ सुटे भाग मिळत नाहीत; बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कामासाठी मिळणाऱ्या ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) बसवल्या तर चालेल का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : चालेल, मात्र आकाराइतकेच रबराच्या जातीकडे लक्ष द्यावे. आधी गळती शोधावी. गोळ्या काढून, थोडा गॅस भरून मॅगझिन बादलीतल्या पाण्यात बुडवले, की बुडबुडे भरण्याच्या व्हॉल्व्हमधून येतात, मागच्या रिलीज व्हॉल्व्हमधून येतात की तळाच्या सांध्यातून, हे लगेच दिसते. त्यानंतर मॅगझिन नीट वाळवावे. खानापूरच्या दमट हवेत आतल्या स्प्रिंगला गंज चढायला वेळ लागत नाही. व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी सगळा गॅस मोकळ्या जागी, विस्तवापासून दूर सोडून द्यावा, कारण या पिस्तुलांत भरला जाणारा ग्रीन गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेनच असतो. व्हॉल्व्ह त्याच्या चावीनेच फिरवावा. पकडीने खाच झिजली की पुढे तो हलतच नाही.

जुनी रिंग दुकानात जरूर न्यावी, पण केवळ तिच्या मापावर विसंबू नये. ती दाबून चपटी झालेली किंवा फुगलेली असते. म्हणून ती जिथे बसते ती खाच व्हर्नियरने मोजून आतला व्यास आणि रिंगेची जाडी अशी दोन्ही मापे सांगावीत. रिंग नायट्राइल रबराचीच मागावी. ईपीडीएम रबराची काळी रिंग दिसायला अगदी तशीच असते, परंतु प्रोपेनच्या संपर्कात ती फुगते, आणि सिलिकॉन रबराची रिंग तर आपण घालतो त्या सिलिकॉन तेलानेच फुगते. नवी रिंग बसवताना त्या तेलाचा एक थेंब पुरतो. यापुढे मॅगझिन ठेवून देताना त्यात थोडा गॅस राहू द्यावा, म्हणजे रबर आपल्या जागी दाबून बसलेले राहते.

प्रश्न : एअरसॉफ्ट पिस्तुलाच्या नळीत शिलाई मशीनचे तेल सोडल्यापासून गोळ्या भरकटतात. – एक वाचक, निपाणी

उत्तर : नळीच्या मागच्या टोकाशी असलेले हॉप-अपचे रबर गोळीला उलटी फिरकी देते आणि त्यासाठी ते कोरडेच असावे लागते. हॉप-अप पूर्ण सैल करून, सफाईच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेले कापड गुंडाळून, ते स्वच्छ निघेपर्यंत नळी पुसावी. तरीही फरक न पडल्यास रबर बदलावे. नळी बदलण्याची घाई करू नये.