फेणी इथे लायसनची, बांद्यात गुन्हा, असं का?

प्रश्न : आमची काजूची बाग गोव्यात डिचोलीला. पप्पा दरवर्षी लायसन काढून भट्टी लावतात, हुर्राक म्हणजे पहिल्या धारेची दारू काढतात, फेणी काढतात. मावसभावाची बाग बांद्याला, म्हणजे अगदीच जवळ, पण महाराष्ट्रात, आणि तिथे घरी भट्टी लावली तर पोलीस केस, म्हणून त्याचे बोंडू (काजूची फळं) झाडाखाली कुजतात. आणि भांग काशीला सरकारमान्य दुकानात मिळते, इथे हणजुण्यात गांजा सापडला की जेल. एकाच देशात हे कसं काय?
(एक वाचक, डिचोली)

उत्तर : आधी दारू आणि गांजा वेगळे करूया, कारण दारूचा विषय घटनेने राज्यांकडे दिलाय आणि अमली पदार्थांवर केंद्राचा एकच कायदा चालतो. ४७ व्या कलमात सरकारने दारूबंदीचा प्रयत्न करावा असं लिहिलंय खरं, पण ते मार्गदर्शक तत्त्व, त्यामुळे गुजरातेत बंदी आणि आपल्याकडे गावोगावी बार, दोन्ही घटनेत बसतं.

आता बांदा. ते ज्यात होतं ते सावंतवाडी संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात गेलं आणि लगेच १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. पुढे महाराष्ट्राने बंदी सैल केली पण कायदा तोच ठेवला, म्हणून तिकडे आजही कागदोपत्री दारू प्यायलासुद्धा परवाना लागतो. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते, तो कायदा इथे आलाच नाही. १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६४ ला आपला स्वतःचा अबकारी कायदा झाला, आणि त्यात काजूची भट्टी बंद न करता तिला हंगामाचं लायसन दिलं, झोनचे म्हणजे ठरवून दिलेल्या काजूच्या भागांचे लिलाव ठेवले. तुमच्या पप्पांच्या हातातला कागद तिथून येतो.

पण गोवा कायम मोकळाच होता असं समजू नका. १८७८ साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांचा करार झाला, मुरगावची रेल्वे त्यातलीच, आणि त्या बदल्यात ब्रिटिशांचे मिठाचे आणि अबकारीचे नियम गोव्यावर लादले गेले. माडाची सूर (माडी) काढणाऱ्या रेंदेरांवर कराचा बोजा पडला, मिठागरवाल्यांचेही हाल झाले, १८९२ ला करार संपला तेव्हा कुठे सुटका झाली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण तेव्हा कोणी गोंयकाराच्या तब्येतीचा विचार करत नव्हतं, ब्रिटिशांना आपला महसूल शेजारून गळू द्यायचा नव्हता एवढंच.

गांजाचंही तसंच बघा. ब्रिटिशांनी १८९३-९४ ला खास आयोग नेमला, त्याने शेकडो साक्षी घेऊन सांगितलं की बेताने घेतल्यास फारसं नुकसान नाही, पूर्ण बंदीची गरज नाही, आणि मग कर लावून विक्री चालू राहिली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात मात्र भारताने सही केली आणि २५ वर्षांत गांजा-चरस बंद करायचं कबूल केलं, ती मुदत संपत आली तेव्हा १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी केंद्राचा कायदा आला. त्यात झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस गुन्ह्यात धरले, नुसती पानं आणि बिया वगळल्या. भांग पानांची, म्हणून ती राज्यांच्या हातात राहिली आणि उत्तर प्रदेशात तिची दुकानं आहेत. गांजा मात्र १ किलोपर्यंतचा 'कमी मात्रा' धरला तरी १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि २० किलोच्या वर गेलं तर जामीनसुद्धा सहज मिळत नाही. बीचवर कोणी 'हिप्पींच्या काळापासून चालतंय' म्हणाला तर मुलांनी बिलकुल ऐकू नये, पोलिसांसमोर ते चालत नाही.

मावसभावाचे बोंडू वाया जातात याचं मला खरंच वाईट वाटतं, आपल्या भट्टीवाल्याला मिळतं तसं साधं हंगामी लायसन त्यालाही मिळायला हवं आणि ते महाराष्ट्र सरकारच्याच हातात आहे. तोपर्यंत त्याला प्रेमाने फेणीच्या बाटल्या द्यायच्या असतील तर आधी परमिटचं बघा, विनापरवाना गोव्याची दारू महाराष्ट्रात नेणं हा तिकडे गुन्हा आहे आणि सीमेवरच्या पत्रादेवीच्या पुढे गाड्या तपासतात.