रांगेत सगळ्यांसमोर विचारलं, आता परत कशी जाऊ?

प्रश्न : मला चौथा महिना आहे. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, त्यात व्हीडीआरएल 'रिअ‍ॅक्टिव्ह' आली. रांगेत वीसेक बायका होत्या. सिस्टर माझा कागद हातात धरून मोठ्याने म्हणाल्या, "नवरा ट्रकवर असतो का गं?" माझे मिस्टर शाळेत शिपाई आहेत. त्या दिवसापासून मी तिकडे गेलेच नाही. घरीही कुणाला बोलले नाही. काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून जीव तुटला. असं विचारायचा त्या सिस्टरना काहीही अधिकार नव्हता. पण त्यांच्यापायी तपासणी सोडू नका. चौथा महिना म्हणजे अजून हातात वेळ आहे.

व्हीडीआरएल ही सिफिलिसची, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एका आजाराची, पहिली चाचणी. गरोदरपणात ती कधीकधी उगाचच रिअ‍ॅक्टिव्ह येते, म्हणून टीपीएचए ही रक्ताची दुसरी चाचणी करून खात्री करतात. आजार निघालाच तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. कमरेत देतात, चांगलंच दुखतं. पण तेच औषध वारेतून बाळापर्यंत पोचतं. लागण नवी असेल तर एकदाच, जुनी असेल किंवा कधीची ते कळत नसेल तर आठवड्याला एक, असं तीनदा. पूर्वी पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन आली असेल तर आधी सांगा. उपचार राहिले तर गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटातच दगावू शकतं.

मिस्टरांना सांगावं लागेल, कारण त्यांचीही तपासणी आणि उपचार व्हायला हवेत. कुणाकडून कुणाला लागण झाली, हे या रिपोर्टवरून कळत नाही. सिफिलिस वर्षानुवर्षं अंगात गप्प बसून राहतो. म्हणून घरात आरोप नकोत, ना त्यांच्यावर ना तुमच्यावर.

मी सव्वीस वर्षं त्वचा व गुप्तरोग विभागात होते. सुरुवातीला आम्हीही केसपेपरच्या कोपऱ्यात लाल पेनाने 'व्हीडीआरएल' लिहून गोल करायचो. एक बाई दुसऱ्या इंजेक्शनला आलीच नाही. महिन्याने आली, तेव्हा तिने ब्लाउजमधून केसपेपर काढला. आठ घड्या घातलेल्या, घामाने लाल शाई पसरलेली. एक्स-रेच्या खिडकीवरच्या माणसाने तो गोल शेजारच्याला दाखवला होता. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर लाल पेन आलं नाही. तिचा तो महिना मात्र फुकट गेला, याची मला आजही खंत आहे.

जिल्हा रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे समुपदेशक असतात, दार लावून बोलतात, उपचार मोफत होतात. मिस्टरांना कसं सांगायचं तेही त्यांना विचारा. हवं तर त्यांच्यासमोरच सांगा. त्या सिस्टरबद्दल वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते. आत्ता तेवढी ताकद नसेल तर इंजेक्शनं झाल्यावर करा.

याच आठवड्यात जा. जुना रिपोर्ट पाकिटात घालून न्या, आणि थेट समुपदेशकांच्याच हातात द्या.