सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह, पुढे काय?

प्रश्न : शाळेतल्या तपासणीत मुलाची सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली. गोळ्या सुरू कराव्यात का? – एक पालक, धडगाव

उत्तर : इतक्यात नको. या चाचणीतून रक्तात हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलसेलचं सदोष हिमोग्लोबिन, आहे एवढंच कळतं. मुलगा वाहक (सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेला) की रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचण्यांवरच ठरतं. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आधी सांगा, दात्याचं हिमोग्लोबिन मिसळून अहवाल फसतो. वाहकाला गोळ्या लागत नाहीत. रुग्ण निघाला तर हायड्रॉक्सियुरिया, हे वेदनेचे झटके कमी करणारं औषध. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या, २९९ प्रौढांवरच्या औषध-चाचणीत वेदनेच्या झटक्यांचा वार्षिक मध्यक (मधली संख्या) औषध घेणाऱ्यांत २.५, तर नकली गोळी घेणाऱ्यांत ४.५ होता. मात्रा वजनावर ठरते. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स घसरू शकतात, म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) चुकवू नका. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.